बर्फ राखणारे गाव

मराठी वाचकाला हॉकी म्हटले की ध्यानचंद आठवतात, आणि माझ्या पिढीला खडकीचा धनराज पिल्लै. या पुस्तकातली हॉकी वेगळी आहे. ती बर्फावर खेळतात. पायात पोलादी पात्यांचे स्केट्स, हातात लांब दांड्याची स्टिक, चेंडूऐवजी रबराची काळी चकती, जिला पक म्हणतात, आणि रिंकभोवती छातीइतक्या उंच फळ्यांचे कुंपण. दोन्ही बाजूंचे सहा-सहा जण बर्फावर असतात, त्यांत एकेक गोलरक्षक. खेळ इतका दमवणारा की मिनिटभरात खेळाडू बाकावर परततो आणि दुसरा फळीवरून उडी टाकून आत जातो. एवढे कळले की पुढची पाने वाचायला पुरे, कारण हे पुस्तक डावपेचांचे नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात वॉरोड नावाचे गाव आहे. त्या गावाने आपल्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या बर्फावर कसे उतरवले, त्याची ही हकिकत आहे.

वॉरोड कॅनडाच्या सीमेपासून दहा-अकरा किलोमीटरवर, लेक ऑफ द वुड्स या अवाढव्य सरोवराच्या काठी वसले आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे १,८३० माणसे भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीची ग्रामपंचायत असते. या गावचा गॉर्डन ख्रिश्चन १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेऊन आला. १९६० मध्ये त्याचे धाकटे भाऊ रॉजर आणि बिल सुवर्णपदक घेऊन आले. सोव्हिएत संघाविरुद्धच्या सामन्यातला विजयी गोल बिलचा होता. १९७२ मध्ये सापोरोला हेन्री बुशेला रौप्य मिळाले. १९८० मध्ये लेक प्लॅसिडला अमेरिकेच्या कॉलेजवयीन पोरांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला हरवले आणि पुढे सुवर्ण जिंकले, त्या संघात बिलचा मुलगा डेव्ह होता. जीजी मार्विनने २०१० आणि २०१४ मध्ये रौप्य आणि २०१८ मध्ये सुवर्ण मिळवले. २०१४ मध्ये सोचीला रशियाविरुद्धचा सामना बरोबरीत राहिला, तेव्हा निकालासाठीच्या पेनल्टी फटक्यांत टी. जे. ओशीने एकट्याने सहा वेळा फटका घेतला आणि चार गोल केले. तोही इथल्याच शाळेत खेळलेला.

ही यादी मी मुद्दाम एका दमात सांगून टाकली, म्हणजे ती मागे टाकता येईल. वॉरोडबद्दल आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक या यादीशीच थांबते. वार्ताहर येतात, गोठलेल्या नदीवर पोरे खेळताना त्यांची छायाचित्रे घेतात, आणि एवढ्याशा गावात एवढे खेळाडू कसे, असे नवल करून परततात. लेखिकेने त्या नवलाच्या पाठीमागे जायचे ठरवले. पदक मिळवणारा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या स्केट्सच्या नाड्या कुणी आवळल्या, त्याच्यासाठी रात्री रिंकवर पाणी कुणी सोडले, त्याचे पैसे कुणी भरले, आणि ज्या पन्नास मुलांना कधीच पदक मिळाले नाही त्यांना गावाने काय दिले, हे तिचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे लहान मुलांच्या हॉकी संघटनेच्या इतिहासात सापडतात, दुसरीकडे कुठे नाहीत.

असा इतिहास लिहिणे किती अवघड, ते मला थोडे ठाऊक आहे. मी मिनेसोटातच, वॉरोडच्या बऱ्याच दक्षिणेला, एका लहान गावात बावीस वर्षे राहतो आहे. माझी दोन्ही मुले गावच्या संघटनेत वाढली आणि दोन हंगाम मी तिचा चिटणीस होतो. पदभार घेतला त्या दिवशी आधीच्या चिटणीस बाईंनी केळ्यांच्या एका खोक्यात भरलेल्या वह्या माझ्या हाती दिल्या. तळघरात ओल लागून काहींची पाने चिकटलेली होती. हिवाळ्यातल्या एका रविवारी मी त्या उघडून बसलो. रबरी नळी या आठवड्यात कुणाच्या घरी आहे. कुणाच्या ट्रकला बर्फ ढकलायचे पाते आहे. गोलाच्या जाळीचे भोक कुणी शिवले. गोलरक्षकाचे पॅड संघटनेचे, ते मोसम संपल्यावर कुणाकडून परत यायचे राहिले. आणि एका पानावर निळ्या शाईत दोन ओळी: एका मुलाचे यंदाचे शुल्क समितीने माफ केले आहे, नाव वहीत लिहू नये असे ठरले. त्या मुलाचे पुढे काय झाले, कळायला मार्ग नाही. पण संघटना म्हणजे काय, हे मला त्या दोन ओळींनी जेवढे समजले तेवढे कुठल्या करंडकाने समजले नसते.

बर्फावरच्या हॉकीचा पहिला बंदिस्त सामना ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियलला झाला. तिथून खेळ कॅनडाभर पसरला आणि सीमा ओलांडून खाली आला. मिनेसोटात त्याने घट्ट मूळ धरले ते लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात. एव्हलेथ हे तिथले गाव. खाणीत कामाला आलेले फिन, स्लोव्हेन, क्रोएट, इटालियन. एकमेकांची भाषा न येणारी माणसे. त्यांची पोरे बर्फावर एकत्र आली. खाण कंपन्यांच्या करामुळे गावाकडे पैसा होता, त्यातून १९२२ मध्ये तिथे हिप्पोड्रोम नावाचे बंदिस्त रिंक उभे राहिले. या एका गावाने फ्रँक ब्रिमसेक, माइक काराकास आणि सॅम लोप्रेस्टी असे तीन गोलरक्षक राष्ट्रीय व्यावसायिक लीगला दिले. लोप्रेस्टीने १९४१ मध्ये एका सामन्यात ८३ पैकी ८० फटके अडवले होते, आणि तरीही त्याचा संघ हरला. १९४५ मध्ये मिनेसोटाच्या शालेय संघांची राज्य स्पर्धा सुरू झाली, ती पहिल्याच वर्षी एव्हलेथने जिंकली. पुढे १९४८ पासून सलग चार वर्षे विजेतेपद त्यांचेच. १९४८ च्या अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर वॉरोड होते.

ती शालेय स्पर्धा समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. आपल्याकडे गावच्या जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीला जो मान, तो इथे मार्च महिन्यातल्या त्या चार दिवसांना आहे. सेंट पॉल शहरात सामने असतात आणि उत्तरेकडची गावे अक्षरशः ओस पडतात. लहान मुलाला दूरदर्शनवरचा व्यावसायिक खेळाडू व्हायचे नसते; त्याला शेजारच्या थोरल्या दादासारखा गावच्या शाळेचा सदरा अंगात घालायचा असतो. तो सदरा मिळवायची वाट संघटनेतून जाते. १९४७ मध्ये राज्यभरच्या संघटना एका छत्राखाली आल्या आणि नियम बसत गेला: मूल जिथे राहते तिथल्याच संघटनेत खेळेल, हद्द साधारण शाळेच्या हद्दीबरोबर जाईल. चांगला खेळाडू दुसऱ्या गावाने पळवायचा नाही. गावात बारा मुले असोत की बाराशे, आहेत त्यांतूनच संघ करायचा. आठ वर्षांपर्यंतची मुले माइट, दहापर्यंतची स्क्वर्ट, बारापर्यंतची पीवी, त्यापुढची बँटम. आता या गटांना अधिकृत कागदांवर नुसत्या वयांची नावे आली आहेत, पण रिंकच्या खोल्यांमध्ये जुनीच नावे चालतात.

जगात याला पर्याय नाहीत असे नाही. कॅनडातही गावोगाव मुलांच्या संघटना आहेत, आणि क्युबेक शहरात १९६० पासून भरणारी पीवी वयोगटाची स्पर्धा जगात नावाजलेली आहे. पण तिथे हुशार मुलगा सोळा-सतराव्या वर्षी घर सोडतो, दूरच्या शहरातल्या ज्युनियर संघात जातो आणि परक्या कुटुंबात राहतो. गाव त्याला घडवते आणि त्याचा ऐन बहर दुसरे गाव पाहते. सोव्हिएत संघाने क्रीडाशाळांचा मार्ग धरला होता. मुलांची निवड लवकर, शिक्षण शास्त्रशुद्ध, खर्च सरकारचा. त्याच व्यवस्थेचे शिल्पकार अनातोली तारासोव यांनी १९६४ मध्ये अंगणा-गल्लीतल्या पोरांच्या संघांसाठी 'गोल्डन पक' ही स्पर्धा सुरू केली. निवडीच्या चाळणीबाहेर राहिलेल्या मुलांची त्यांना आठवण होती, हे मला त्यांच्या सगळ्या विजयांपेक्षा मोठे वाटते. स्वीडनमध्ये एकच क्लब पाच वर्षांच्या मुलापासून व्यावसायिकापर्यंत सर्वांना सांभाळतो, आणि लहानग्यांच्या सामन्यांचे गुणतक्ते लावत नाहीत. अमेरिकेतल्या बाकीच्या बऱ्याच राज्यांत खासगी क्लब बोकाळले आहेत. आईबाप पैसे भरतात, प्रशिक्षक पगारी असतो, संघ दूरदूरच्या गावांतली मुले वेचून केलेला असतो आणि दर शनिवार-रविवार विमानाने किंवा शेकडो मैल गाडीने सामन्यांना जायचे. मिनेसोटाची पद्धत या सर्वांहून निराळी पडते, कारण तिचा पाया शेजार हा आहे. १९८० च्या त्या सुवर्णपदक संघातले वीसपैकी बारा खेळाडू मिनेसोटाचे होते, ते या पायावर.

शेजार म्हटले की ऐकायला गोड वाटते, पण ते कष्टाचे काम आहे. पाच वर्षांच्या मुलाला हॉकीसाठी तयार करणे एकदा जवळून पाहा. आधी नडगीचे संरक्षक, वर मोजे, मग फुगीर विजार, जिला फक्त मिनेसोटातच ब्रीझर म्हणतात. मग स्केट्स. नाडी बोटांपाशी सैल, घोट्यापाशी गच्च. मुलाने टाच जमिनीवर आपटायची, म्हणजे ती खोबणीत बसते, आणि मगच वरच्या दोन भोकांतून नाडी ओढायची. आधी ओढली तर बर्फावर पाय मुरगळतो. खांद्याचे, कोपराचे पॅड, सदरा, शिरस्त्राण, हातमोजे. हातमोजे घातले की मूल म्हणते, शू लागली. खोलीत अशी पंधरा मुले, आणि गुडघ्यांवर बसलेले पंधरा बाप-आया. सकाळचे सहा वाजलेले असतात, कारण चांगल्या वेळा मोठ्या मुलांना.

आणि उघड्यावरचे रिंक. पहिली कडाक्याची थंडी पडली की रात्री पाणी सोडायला जायचे. एकदम खूप पाणी ओतले तर वर पापुद्रा धरतो आणि खाली पोकळ राहते; सकाळी मुलाचे स्केट त्यातून आत जाते. म्हणून पातळ थर, तो गोठेपर्यंत थांबणे, पुन्हा पातळ थर. उणे पंचवीसमध्ये नळी दहा मिनिटे तशीच पडू दिली तर आतले पाणी गोठून ती काठीसारखी ताठ होते, म्हणून काम संपताच ती उताराला धरून निथळायची आणि घरात न्यायची. पहिल्या वर्षी एका वृद्ध शेजाऱ्याने मला हे शिकवले. त्यांची मुले मोठी होऊन गाव सोडून गेली होती, नातवंडे दुसऱ्या राज्यात होती. तरी ते रोज रात्री यायचे.

संघटना चालते ती अशा तासांवर. मोसमाच्या आरंभी प्रत्येक घराला ठरावीक तास काम वाटून दिलेले असते: घड्याळ लावणे, शिक्षा झालेल्या खेळाडूच्या बाकाचे दार उघडणे-मिटणे, खाद्यपदार्थांच्या खिडकीत उभे राहणे, पुढच्या गावाच्या संघासाठी सूप करणे. तास भरले नाहीत तर अनामत रक्कम जाते. अनामत जाईल या भीतीने लोक येतात हे खरे, पण तिसऱ्या वर्षी बहुतेकांना तिची आठवणही राहत नाही.

वॉरोडमध्ये हे सगळे आहेच, शिवाय दोन गोष्टी अशा जुळून आल्या ज्या दुसऱ्या गावांना मिळाल्या नाहीत. एक, कारखाना. मार्विन कुटुंबाचा व्यवसाय १९१२ मध्ये लाकडाच्या व्यापाराने सुरू झाला, पुढे ते खिडक्या बनवू लागले, आणि आज गावाच्या लोकसंख्येहून जास्त माणसे तिथे कामाला येतात. त्या घरातला कॅल मार्विन हॉकीवेडा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर परतल्यावर त्याने प्रौढांचा एक हौशी संघ काढला, वॉरोड लेकर्स. हा संघ जवळजवळ पन्नास वर्षे कॅनडातल्या संघांशी खेळला आणि १९९४, १९९५, १९९६ अशी लागोपाठ तीन वर्षे कॅनडाच्या वरिष्ठ हौशी संघांचा ॲलन करंडक या अमेरिकन खेड्याने जिंकला. १९९७ मध्ये लेकर्स थांबले. पण त्या पन्नास वर्षांत गावातल्या प्रत्येक मुलाने शनिवारी रात्री आपला गणिताचा शिक्षक, आपला सुतार, आपल्या मित्राचा बाप बर्फावर जीव तोडून खेळताना पाहिला. लेखिकेने लेकर्सवर लिहिलेला भाग मला या पुस्तकाचा गाभा वाटतो, आणि संघ बंद पडल्यावर मुलांच्या हॉकीतून नेमके काय गेले याची तिने केलेली चिकित्सा तर हॉकीशी काही देणेघेणे नसलेल्यांनीही वाचावी. वाढत्या मुलांना पाहायला प्रौढ माणसांचा खेळ लागतो, निव्वळ मुलांचा खेळ मुलांना पुरत नाही, हे ती ठामपणे मांडते.

दुसरी गोष्ट, स्टिका. ऑलिंपिक जिंकून परतलेले बिल आणि रॉजर हे भाऊ धंद्याने सुतार. १९६४ मध्ये त्यांनी मेव्हण्याबरोबर गावातच हॉकी स्टिक बनवायचा कारखाना काढला, ख्रिश्चन ब्रदर्स. ज्या गावात सुवर्णपदकविजेता माणूस सकाळी लाकूड तासायचा आणि संध्याकाळी रिंकवर उभा असायचा, त्या गावातल्या मुलाला पदक ही देवाघरची वस्तू वाटली नाही. शेजारचे रोझो हे वॉरोडचे हाडवैरी. तिथे स्नोमोबाइलचा पोलारिस कारखाना आहे आणि नील ब्रोटनसारखा खेळाडू तिथला. या दोन गावांना कारखान्यांनी तारले. एव्हलेथला खाणींनी जसे वर काढले तसेच खाली सोडले. वस्ती घटत गेली आणि २०२० मध्ये तिथला शाळा विभाग शेजारच्या व्हर्जिनिया गावाच्या विभागाशी जोडून एकच नवा विभाग झाला. आता संघाचे नाव रॉक रिज. अमेरिकेच्या हॉकीचे राष्ट्रीय सन्मान-दालन १९७३ पासून एव्हलेथमध्ये उभे आहे. ज्या गावाच्या नावाचा शालेय संघ आता मैदानात उतरत नाही, त्या गावात.

हेन्री बुशेबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. वॉरोड हे नाव ओजिब्वे आणि डकोटा या दोन मूळ जमातींमधल्या युद्धवाटेवरून पडले. ही भूमी ओजिब्वेंची. बुशे ओजिब्वे होता, नदीवर खेळून वाढला. १९६९ च्या राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इडायना या संपन्न उपनगराच्या शाळेसमोर वॉरोड उभे होते. बुशेच्या कानाला जबर इजा होऊन तो बाहेर गेला, सामना जादा वेळेत गेला आणि वॉरोड ५-४ ने हरले. मिनेसोटात आजही तो सामना पाहिल्याचे लोक सांगतात. पुढे व्यावसायिक हॉकीत जानेवारी १९७५ मध्ये प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकचा घाव डोळ्याला बसला आणि काही वर्षांतच त्याची कारकीर्द संपली. पडत्या काळातून सावरून तो गावी परतला आणि मूळ जमातींच्या मुलांच्या शिक्षणासाठी राबला. २०२३ मध्ये तो गेला. गावाच्या हॉकीच्या कथेत ओजिब्वे घरे शोभेपुरती आणायची चूक पुष्कळांनी केली आहे. लेखिकेने ती केली नाही. कुठल्या घरांतली मुले बर्फावर आली आणि कुठल्या घरांतली फळीबाहेरून पाहत राहिली, असा प्रश्न ती प्रत्येक दशकाला विचारते.

तोच प्रश्न मुलींबाबत. मिनेसोटाने १९९४ मध्ये मुलींच्या शालेय हॉकीला मान्यता दिली, देशात सर्वांत आधी, आणि पहिली राज्य स्पर्धा १९९५ मध्ये झाली. त्याआधी ज्या मुली खेळल्या त्या मुलांच्या संघात, केस शिरस्त्राणात खोचून. एकाएकी दुप्पट संघ आले म्हणजे बर्फ दुप्पट हवा. तेव्हा राज्य विधिमंडळाने नवी रिंक बांधायला अनुदान दिले. 'मायटी डक्स' या लोकप्रिय चित्रपटाचेच नाव त्या योजनेला पडले. जीजी मार्विन ही कॅलची नात. आजोबांनी काढलेल्या संघात तिला जागा नव्हती, आणि सुवर्णपदक घेऊन आली ती.

मग आज या विषयाची निकड काय? बर्फावरची हॉकी हा मुलांच्या सर्वांत महागड्या खेळांपैकी एक झाला आहे. सरंजाम महाग, बर्फाचे तासाचे भाडे महाग. जुन्या रिंकांची शीतयंत्रे ज्या आर-२२ वायूवर चालत त्याचे उत्पादन आणि आयात ओझोनच्या रक्षणासाठी अमेरिकेत २०२० पासून बंद झाली; कारण योग्यच, पण यंत्रणा बदलायचा खर्च लहान गावाच्या आवाक्याबाहेरचा. हिवाळे उबदार होत चालले आहेत आणि उघड्यावरचा फुकटचा बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो. मुले कमी आहेत, म्हणून दोन-तीन गावे मिळून एक संघ होतो. आणि खासगी क्लब मिनेसोटातही उन्हाळ्याच्या दाराने आत शिरले आहेत. अशा वेळी वॉरोडची ख्याती ही की तिथे मुलांना बर्फाचे भाडे पडत नाही. गावातल्या देणग्या तो भार उचलतात. सरोवराकाठच्या कामगाराचा मुलगा आणि कारखानदाराचा नातू एकाच बाकावर बसून नाड्या आवळतात. माझ्या मते वॉरोडच्या पदकांचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

एका बाबतीत माझा लेखिकेशी मतभेद आहे, तो इथे नोंदवतो. मिनेसोटातल्या पुष्कळ संघटनांचा बराच पैसा बारमध्ये विकल्या जाणाऱ्या पुल-टॅब नावाच्या सोडतीच्या चिठ्ठ्यांतून येतो. कायदा त्याला परवानगी देतो, हिशेब चोख ठेवावे लागतात, आणि त्या पैशातून खरोखर स्केट्स येतात. तरीही मुलांच्या खेळाचा खर्च जुगारावर, आणि तोही पुष्कळदा गरीब माणसाच्या जुगारावर, भागतो. आमच्या समितीत हा विषय निघाला की सगळे खाली पाहत. लेखिका हे एका परिच्छेदात उरकते. मला वाटते, त्याला पूर्ण प्रकरण हवे होते. तसेच निवड-चाचणीचे. नऊ वर्षांच्या मुलाला अ संघ, ब संघ, क संघ असे ठरवून देणारी यादी ज्या रात्री लागते, त्या रात्री कितीतरी घरांत जेवण होत नाही. माझ्या थोरल्या मुलाचे नाव एका वर्षी क संघातही खाली होते. यादी योग्य होती की नव्हती, माहीत नाही. पण त्याच्या शेजारी गाडीत बसून मी काय बोलावे ते मला सुचले नाही, हे माहीत आहे. गावाची हॉकी सर्वांना सामावून घेते असे म्हणताना या रात्रींचाही हिशेब मांडायला हवा.

या दोन उणिवा सांगूनही मी म्हणेन की मराठीत असे पुस्तक नव्हते. आपल्याकडे क्रीडासाहित्य म्हणजे बहुधा खेळाडूंची चरित्रे. संस्थेचे चरित्र, आणि तेही मुलांच्या संस्थेचे, क्वचितच लिहिले जाते. भारतात बर्फावरची हॉकी दूरची वाटेल, पण लेहमधल्या कारझूच्या तळ्यावर हिवाळ्यात पोरे खेळतात, लष्कराच्या जवानांनी तिथे हा खेळ रुजवायला हातभार लावला, आणि भारताच्या महिला संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, त्यात बहुतेक मुली लडाखच्या. त्यांच्या गावांतही कुणीतरी रात्री पाणी सोडते आहे. पण हे पुस्तक वाचताना मला लडाखपेक्षाही कोल्हापूरच्या तालमी जास्त आठवल्या. माती उकरून ठेवणारा, पोरांचे दूध-बदाम बघणारा, कुणाच्या घरी अडचण आहे ते जाणून वर्गणी न मागणारा वस्ताद. नाव कुठे न छापलेला.

म्हणून मराठी वाचकांना एकच विनंती करतो. तुमच्या गावच्या तालमीची, कबड्डी मंडळाची, खो-खो संघाची जुनी वही कुणाच्या माळ्यावर असेल. वर्गणीच्या याद्या, मैदान सारवल्याचे दिवस, सामन्याला गेलेल्या टेम्पोचे भाडे, असे काहीबाही त्यात लिहिलेले असेल. हे पुस्तक मिटल्यावर ती वही मागून आणा, पाने फाटण्याआधी त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवा, आणि जिने ती लिहिली ती व्यक्ती हयात असेल तर तिच्याशेजारी बसून एकदा सगळी वाचून घ्या.